मुका करून पाहिलेला सिनेमा

इंदोरा, नागपूर
रविवार सकाळ

प्रिय नंदिनी,

पत्र पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझी आई समोर बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे आणि हा माणूस एवढं काय खरडतोय म्हणून मधूनमधून माझ्याकडे संशयाने पाहते आहे. घरात दोन-दोन फोन असताना पत्र कशाला, हा प्रश्न तुझ्या चेहऱ्यावर असणार, मला इथून दिसतो. त्याचं उत्तर शेवटी देतो. चाळीस वर्षं नाटकाच्या विंगेत प्रॉम्प्टरची वही घेऊन बसलेल्या माणसाला कोणतं वाक्य केव्हा द्यायचं एवढं तरी कळतं, असं मी आजवर समजत होतो. ते कितपत खरं आहे, तेही या पत्रात येणार आहे.

आधी दसऱ्याचं बोलू, कारण तेव्हापासून आपण नीट बोललेलो नाही. आठव, घर पाहुण्यांनी भरलं होतं. सगळे दीक्षाभूमीवरून चालून चालून आलेले, पाय पसरून बसलेले, आणि टीव्हीवर तो जुना काळा-पांढरा सिनेमा लागला. तू लहान असताना तुला मांडीवर घेऊन मी तो चार वेळा तरी पाहिला असेन. थोरला भाऊ छातीवर हात ठेवून ते लांबलचक भाषण करतो, तिथे पियुष उठला आणि त्याने अशी नक्कल केली की रामटेकची मावशी हसता हसता आडवी झाली. तुझा हा चुलतभाऊ कळमेश्वरच्या कारखान्यात सहा दिवस मशीनसमोर गप्प उभा राहतो, म्हणून सातव्या दिवशी असा सुटतो. पण मला राग आला. मी म्हणालो, याला अभिनय म्हणतात, तुमचे आजचे लोक ओठातल्या ओठात पुटपुटतात. आणि आमच्या लोकांना नाटक कसं कळायचं हे पटवायला मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. राज्य नाट्य स्पर्धा, दुसरा अंक, एकोणीस वर्षांची नंदिनी ऐन प्रसंगात वाक्य विसरते आणि विंगेतला बाप तिला वाचवतो. सोळा वर्षं ही गोष्ट मी बारशापासून तेरवीपर्यंत सगळीकडे सांगत आलो आहे. लोकांना आवडते.

तू ताट ठेवून उठलीस. "तुमच्या त्या जुन्या लोकांले थांबताच येत नाही, बाबा. सगळं बोलून दाखवायचं, रडून दाखवायचं. आता कोणी पाहत नाही हे." एवढंच म्हणालीस. पुण्यात इतकी वर्षं काढून तुझी भाषा धुतल्यासारखी झाली आहे, पण राग आला की 'ले' बाहेर येतो. त्यावरून कळलं की खोल लागलं आहे. कुठे लागलं आहे ते मात्र कळलं नाही. मला वाटलं, सिनेमाबद्दल बोलतेस. पुढचा महिनाभर मी मनातल्या मनात तुझ्याशी सिनेमावरूनच भांडत होतो, आणि रोज मीच जिंकत होतो.

मग नोव्हेंबरात तुझा फोन आला. तुझं म्हणणं मला नंतर आईकडून नीट कळलं. मालिकावाले म्हणतात, मॅडम, थोडं कमी करा, तुमचं जुन्या सिनेमासारखं होतं. सहा महिन्यांत दोनदा काम हातचं गेलं. जानेवारीत इथे एकपात्री करते आहेस, सत्तर मिनिटांचं, आणि ते जमलं नाही तर हे सगळं सोडून शाळेतली नोकरी धरणार आहेस. आणि शेवटी, विंगेत तुम्ही बसाल ना, बाबा? त्यावर मी 'बघू' म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. तुला वाटलं असेल, म्हातारा अजून दसऱ्याचा राग धरून बसला आहे. तसं नव्हतं गं. पण तसं वाटू दिलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

'जुन्या सिनेमासारखं' हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. तुझ्यात जे काही जुनं आहे ते माझ्याकडून आलेलं आहे. तुला शब्द कसा फेकायचा, हात कुठे न्यायचा, हे मी शिकवलं, आणि मी ते त्या सिनेमांतून उचललं होतं. तेव्हा म्हटलं, आता तरी प्रामाणिकपणे तपासून पाहू. आपले हे लोक खरंच चांगले होते की आपल्याला नुसती सवय झाली आहे? दुपारी आई बचत गटात गेली की मी सिनेमा लावतो. आवाज पूर्ण बंद करून. तसं का, ते पुढे येईल. एकदा तर आई मला कुकर पाहायला सांगून गेली होती. आली तेव्हा वरणाचा कोळसा झाला होता आणि मी शेजारच्या खोलीत टीव्हीला नाक लावून बसलो होतो. "काहून जी, ध्यान कुठं राहते तुमचं? आन् हा मुका टीव्ही काय पाहून राहिले?" मी म्हटलं, अभ्यास चालू आहे. तिने कपाळावर हात मारला. तोही जुन्या सिनेमासारखाच होता, पण तिला सांगायची हिंमत झाली नाही.

तर अभ्यासात काय निघालं ते सांगतो. तुझं अर्धं खरं आहे. थोरल्या भावाचं ते भाषण, ज्यावर मी तुझ्या वयाचा असताना शिट्ट्या मारल्या, ते आवाजाशिवाय पाहवत नाही. त्याच्या पोटात कळ आली आहे आणि कोणी त्याला दवाखान्यात नेत नाही, असं वाटतं. सावकार तर भुवया एवढ्या नाचवतो की मलाच लाज वाटली. पियुषची नक्कल त्याच्यापेक्षा बरी होती. मी खट्टू झालो, बंद करणार होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाईकडे लक्ष गेलं. तिला त्या प्रसंगात एकही वाक्य नाही. ती सुपात तांदूळ निवडत बसली आहे. भाऊ बोलतो आहे की तिचा मुलगा आता परत येणार नाही. तिचं बोट एका खड्यावर थांबतं. खडा उचलत नाही, तिथेच ठेवते. मग हात पुन्हा चालू होतो, पण आता ती तांदूळ निवडत नाही, नुसतीच बोटं फिरवते. तो सिनेमा मी वीसेक वेळा पाहिला असेन, नंदू, आणि ही बाई मला कधी दिसलीच नव्हती, कारण मी भाषण ऐकत होतो. या वेळी तिचं ऐकणं मला दिसलं.

पियुष केव्हा आला कळलंच नाही. खांद्यावर हात पडला तेव्हा पाहिलं तर हा मागे उभा, हेल्मेट हातात. त्याने खूण करून विचारलं, आवाज? मी बोटाने ती बाई दाखवली. तो उभाच राहिला, मग खाली बसला, मग रिमोट घेऊन त्याने तोच प्रसंग तीनदा लावला. खिशातला फोन काढला तो तिचं नाव शोधायला. अर्धा तास शोधलं, नाव कुठेच सापडलं नाही. जाताना मोठ्याने, अगदी माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "हे आजही चालते, मोठेबाबा. हे तं उद्याही चालन." दसऱ्याला नकला करणारा हाच पोरगा. त्या दिवशी मला वाटलं की आपण सगळेच चुकीच्या माणसाकडे पाहून भांडत होतो. बोलायची ढब जुनी होते. आवाज कापरा करायचा, शब्द लांबवायचा, ते त्या त्या काळाचं असतं, कपड्यांसारखं. समोरच्याचं ऐकणं तेवढं जुनं होत नाही.

इथपर्यंत असतं तर मी हे तुला एखाद्या दिवशी हसत हसत सांगितलं असतं. पण पियुषला आता चटक लागली होती. आपल्या नाट्यमंडळाचा दिव्यांचा माणूस, धोंडबा, त्याने तुझ्या स्पर्धेच्या प्रयोगाचं शूटिंग केलं होतं, आठवतं? पियुषने ती कॅसेट मिळवली, पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि म्हणाला, आता ताईले पण असंच पाहू. मी ऐटीत बसलो. माझी ठेवणीतली गोष्ट मला पहिल्यांदाच समोरून दिसणार होती. इतकी वर्षं ती मी विंगेतूनच पाहिली होती.

विसरलेला नट कसा ओळखायचा हे मी कितीतरी पोरांना शिकवलं आहे. तो आधी विंगेकडे पाहतो. मान हलवत नाही, पण डोळे जातात. तुझे डोळे विंगेकडे गेलेच नाहीत. तू बापाचं काम करणाऱ्या नटाकडे पाहत होतीस. तो नुकताच बोलून थांबला होता, आणि ते जे बोलला ते तुझ्या आत उतरत होतं. ओठ उघडलेस, मिटलेस. तालमीत तू तिथे कधीच थांबली नव्हतीस. माझ्या वहीत थांबायच्या जागांवर लाल पेन्सिलीची रेघ असे, त्या वाक्याआधी रेघ नव्हती. आणि मी तुझ्याकडे पाहतच नव्हतो, मी वहीत पाहत होतो. चारपर्यंत मोजलं आणि वाक्य दिलं, चांगलं पहिल्या रांगेपर्यंत जाईल असं. पडद्यावर तुझा डावा खांदा दचकतो. पुढे बसलेलं कोणीतरी हसतं, त्याची मान हलताना दिसते. मग तू पहिल्यांदा विंगेकडे पाहतेस. ती नजर विसरलेल्या मुलीची नाही. त्यानंतर तू ते वाक्य घाईघाईने म्हणून टाकलंस आणि पुढचा अंक नुसता पाठ म्हटल्यासारखा केलास. पियुषने टीव्ही बंद केला आणि माझ्यासाठी पाणी आणलं.

त्या प्रयोगानंतर स्कूटरवर मागे बसली होतीस. मी म्हणालो, विसरलीस ना? बरं झालं मी होतो. तू म्हणालीस, हो बाबा. सोळा वर्षं तू तो 'हो' सांभाळलास आणि मी तो चारचौघांत मिरवत राहिलो. दसऱ्याला तू सिनेमाबद्दल बोलत नव्हतीस, हे कळायला मला दोन महिने आणि एक पेनड्राइव्ह लागला. बेटा, तू विसरली नव्हतीस. माझं चुकलं. मी तुझी थांबायची जागा मोडली, वर तुलाच विसराळू ठरवलं. फार वाईट वाटतं मला त्याचं.

परवा मी तुझी ती मालिका पाहिली, दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईची. दोनच प्रसंग आहेत तुझे, तेही मुके करून पाहिले. हात थोडे जास्त चालतात, ते तुझे लोक बरोबर सांगतात, तेवढं ऐक त्यांचं. कॅमेऱ्याचं त्यांना कळतं. माझ्याकडून आलेलं ते तिथेच टाकून दे, मला राग येणार नाही. पण तो म्हातारा पेशंट बोलत असतो आणि तू पेनाचं टोपण लावायचं विसरून त्याच्याकडे पाहत राहतेस, त्याला कोणी कमी कर म्हणालं तर ऐकू नकोस. ते मी शिकवलेलं नाही. ते तुझं स्वतःचं आहे आणि ते त्या सुपवाल्या बाईच्या तोडीचं आहे. शाळेत नोकरी करायचीच असेल तर जरूर कर. पण तुला येत नाही म्हणून करू नकोस.

आता, पत्र का ते. होळीच्या आसपास माझा उजवा कान गेला, दसऱ्यानंतर डावाही उतरू लागला. कुकरच्या शिट्ट्या मला ऐकूच आल्या नव्हत्या, हे आईने त्याच दिवशी ओळखलं. फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. टीव्हीचंही तेच, म्हणून त्याचा आवाज बंदच ठेवू लागलो. 'बघू' म्हणालो ते त्यामुळे. प्रॉम्प्टरचे कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून तुझ्यापासून लपवलं. धंतोलीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, बुधवारी मशीन मिळेल. ते म्हणतात, घरातलं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येईल, हळूहळू फोनही जमेल, पण विंगेत बसून रंगमंचावरचं बारीक वाक्य पकडण्याचा भरवसा धरू नका. तेव्हा मी विंगेत बसणार नाही, नंदू. तिथे कोणालाच बसवू नकोस. मी तिसऱ्या रांगेत असेन, एका बाजूला आई, एका बाजूला पियुष. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांब, चारच्या पुढे कितीही जाऊ दे. मला एक शब्द ऐकू आला नाही तरी तू थांबली आहेस की विसरली आहेस, हे या वेळी ओळखेन. वही घरी ठेवून येणार आहे.

तुझाच,
बाबा