भिंतीतले पाइप आणि भिंतीवरचे नागोबा

धार, राखी झाल्यावर

तीर्थस्वरूप जमुनाआक्कासाहेबांच्या पायांशी धाकट्या मानाजीचे दंडवत. पायांशी लिहिले आणि लगेच तुमचा गुडघा आठवला. कसा आहे? तेल लावता की बाटली उशाशी ठेवूनच बरे वाटते? इकडे सर्व खुशाल (न्हाणीघर सोडून). तुमची राखी पोहोचली. घरी कोणी नव्हते म्हणून एका हाताने आणि उरलेल्या दातांनी गाठ मीच मारली.

हे फोनवर सांगायला कितीदा नंबर लावला आणि पावसापाण्याचे विचारून ठेवून दिला. कागदातून तुमचा आवाज येत नाही, म्हणून धीर आहे.

गेल्या महालक्ष्म्यांना इथल्या न्हाणीघरात बादली उचलताना तुमचा पाय सरकला, तेव्हाच मी मनाशी धरले की पुढच्या खेपेला आक्कांना स्टुलावर बसल्या बसल्या हाताशी गीझरचे गरम पाणी मिळाले पाहिजे. सूनबाई स्वप्नाली म्हणाली, बाबासाहेब, करायचेच तर पाइप कन्सील करू. म्हणजे पाइप भिंतीच्या पोटात घालून वरून टाइल लावायची. मला हे अजून उमगलेले नाही. माणूस भिंतीत काही पुरतो ते दुसऱ्याला सापडू नये म्हणून. हे पाइप बिघडले तर आपल्यालाच सापडायला हवेत ना? अंशुल प्लंबरला विचारले तर म्हणाला, “बाउजी, गरम की लाइन इधर से, ठंडी की उधर से, डायवर्टर बीच में. बाकी आप दीवार पे निशान कर दो.” डायवर्टर म्हणजे काय ते मी विचारले नाही. (तो मधे असतो, एवढे समजले.)

खोदाई घरातल्या बोळाच्या बाजूने व्हायची, म्हणून निशाण बोळातल्या भिंतीवर. चुन्यावर खडू दिसेना, तेव्हा गरम पाण्याला गेरू घेतला आणि थंडाला हळद. आता पाणी झाले तरी त्याला काटकोनात एकदम वळायला त्रास होणारच (बैलगाडीसुद्धा तशी वळत नाही), म्हणून रेघा वळणे देत देत, लाडाने काढल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला नळाचा फुगीर गोल, गोलात स्क्रूचे दोन ठिपके. अशा चार रेघा. मला तरी नकाशा झकास वाटला.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी (ध्यानातच नव्हते), आणि तुम्ही न कळवता देवासहून पहिल्या बसने हजर. मी दूध आणायला गेलेलो. परततो तो बोळात उदबत्तीचा वास, भिंतीला हळदकुंकू, दूध, लाह्या, आणि तुम्ही डोळ्याला पदर लावून उभ्या. आईसाहेब गेल्यापासून या घरात भिंतीवर नाग निघाले नाहीत, सगळे छापील कागदावर भागवतात, माझ्या मान्याने मात्र लक्षात ठेवले, असे म्हणून तुम्ही माझ्या तोंडावरून हात फिरवलात. स्वप्नाली म्हणू लागली, “आत्यासाहेब, पण ते तर गीझरचं...” तिला मीच डोळ्यांनी गप्प केले. साठी उलटल्यावर तोंडावरून हात कोण फिरवतो हो? तो मिळालेला परत कसा करायचा?

तर आक्का, ते नाग नव्हते. तो गीझर होता.

आता गोंधळ असा. जाताना तुम्ही बजावलेत की दिवाळीच्या चुन्यापर्यंत भिंतीला कोणी हात लावायचा नाही, आईसाहेबांचा नियम. अंशुल छिन्नी-हातोडा घेऊन आला, कुंकू पाहिले, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, “बाउजी, दूध चढ़ गया. अब मैं तो नी तोड़ूँ.” मी म्हटले, भिया, हा तुझाच नकाशा! तर म्हणतो, “होगा. अब नी है.” हे खोटे आहे असे छातीठोक म्हणवत नाही, कारण काल बोळातून जाताना माझेही हात जोडले गेले. मग त्याने नागोबांना वळसा घालून दुसरी लाइन आखली, तर गरम पाणी स्वयंपाकघरात निघते. तिथे स्टूल मांडू का तुमचे?

रागावू नका. दाजीसाहेबांना मुजरा (पत्र मात्र त्यांना वाचून दाखवू नये, ते देवासभर हसत फिरतील).

तुमचा बाळ,
मानाजी

ता. क. मुद्दा राहिलाच. पूजा तुमच्या हातची, तेव्हा निरोपही तुम्हीच द्यावा, असे अंशुलचे म्हणणे. महालक्ष्म्यांची वाट न पाहता आधीच या, अक्षता टाका आणि नागोबांना जा म्हणा. नाहीतर यंदाही तुमच्या नशिबी बादलीच.

आणखी एक. तुम्ही सगळ्यांना पाच नाग सांगता. मी चारच काढले होते. मला वाटले, तुमच्या मोतीबिंदूचा खेळ. आज चष्मा पुसून पाहिले, तर कडेला पाचवा आहेच, काळपट, आणि सकाळपासून बोटभर लांबलाही. मी भीत भीत लांबूनच नमस्कार केला. स्वप्नालीने सरळ हात लावला. ओला आहे. आतला जुना पाइप फुटला. शेपटी देवघराच्या दाराशी आली आहे, आणि नळ आम्ही आजपासून बंद ठेवला आहे. तेव्हा पत्र मिळताच बस पकडा, आणि आंघोळ तिकडेच करून या.