मागची खुर्ची

२८ मे

दिलं एकदाचं नाव! मोब्रिजची वॉलाय मासे धरायची स्पर्धा, जूनमध्ये, तीन दिवस. मी हौशी म्हणून. म्हणजे बोट प्रोची, मासेमारीच ज्याचा धंदा त्याची, सुकाणू प्रोच्या हातात आणि मी मागच्या खुर्चीवर. पण दोघांनी मिळून धरलेल्या पाच माशांचं वजन दोघांच्याही नावावर चढतं. मागे बसलेली बाई काही सामान नसते!

डुएन म्हणाला, "हे काय नवीन खूळ?" म्हटलं, शाळेला सुट्टी लागली, मी चालवते ती बस शेडमध्ये गेली, वर्षभर त्या पोरांचा कल्ला ऐकला, आता मी मोकळी. नवरा म्हणून त्याला सांगितलं, परवानगी मागितली नाही.

मग त्याने प्रोंची नावं वाचली. एका नावाशी थांबला. "लिनेआ, तू मासे धरायला चाललीस की बापाला?"

मी भांडी घासत राहिले.

३१ मे

टॉर्गरसन. मी त्याला दुसरं काहीही म्हणत नाही. इथेसुद्धा नाही.

मिनेसोटात विनी तळ्यावर गिऱ्हाइकांना मासेमारीला न्यायचा. मोठं नाव होतं. मी एकोणीस वर्षांची, त्याच्याच बोटीत हाताखाली. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून कायद्याने ठरलेल्यापेक्षा जास्त मासे ठेवू द्यायचा. दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तोंडावर म्हटलं, "नियम मोडून धरलेला मासा आपला नसतो." हसला! मग मी मासेमारीचे नियम सांभाळणाऱ्या सरकारी वॉर्डनला फोन केला. त्याचा परवाना एक हंगाम गेला.

आमिषाच्या दुकानात, चार लोकांत म्हणाला, "मला मुलगी नाही. आणि ही जी कोण आहे ना, ती कुणाच्याही बोटीत बसायच्या लायकीची नाही."

सतरा वर्षं झाली. ना फोन, ना ख्रिसमसचं कार्ड. आई गेली तेव्हा चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसला, मातीही पलीकडूनच टाकली.

पुन्हा तशी वेळ आली तरी फोन करेन. एकदा नाही, दहादा करेन. आणि बसेन! कुणाच्याही बोटीत बसेन, आणि त्याच्या नाकावर टिच्चून वजन करून दाखवेन.

११ जून

मोब्रिज. शाळेच्या जिममध्ये सगळ्यांची सभा. तळलेले मासे, बटाट्याचं सॅलड, पाणचट कॉफी. मागच्या खुर्चीवाल्यांत बायका आम्ही दोघीच.

कॉर्लिस नावाची बाई स्पर्धा चालवते. ढोलासारखा आवाज. पहिले दोन दिवस चिठ्ठ्या टाकून जोड्या. शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या नाहीत, पहिल्या नंबरच्या प्रोसोबत पहिल्या नंबरचा हौशी. आणि एका घरातली माणसं एका बोटीत चालणार नाहीत! "नवरा-बायको, बाप-लेक, कुणीही. अशी जोडी लागली तर तिथल्या तिथे हात वर करा, मी बदलून देते. मागाहून कळलं तर दोघांचंही शून्य. रडत यायचं नाही."

मला इथे सगळे पेल्की म्हणून ओळखतात. टॉर्गरसनशी माझं काही नातं असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही.

त्याने मला पाहिलं. कॉफीच्या रांगेत. कप भरून वाहिला तरी ओततच राहिला. पाठीला बाक आलाय. असू दे!

१२ जून

आजचा प्रो ग्रीन बेचा लॅनी. धक्का सोडायच्या आत त्याला माझ्या डब्यातलं केळं दिसलं. "केळं? माझ्या बोटीत?" उचललं आणि दिलं नदीत भिरकावून! बोटीत केळं म्हणजे अपशकुन – हे खूळ मला नवीन नाही. सहा वर्षांची असताना टॉर्गरसननेही माझं केळं असंच फेकलं होतं. दिवसभर भोकाड पसरलं होतं मी.

वर लॅनी म्हणतो, "काठी राहू दे बाई, तू जाळी सांभाळ." सांभाळली. त्याचे दोन मासे वर घेतले. मग न विचारता माझ्या गळाला जळू लावली, नदीचा तळ जिथे एकदम खोल उतरतो त्या उताराच्या कडेवर सोडली आणि दिवसातला सगळ्यात मोठा मासा काढला.

"नशीब!" म्हणाला.

"नशीब तर तुम्ही सकाळीच पाण्यात टाकलंत," म्हटलं.

मग मात्र हसला. उतरताना म्हणाला, "उद्या ज्याच्या बोटीत जाशील, त्याला सांग, हिच्या हातात जाळी देऊ नको." हौशींत मी तिसरी. टॉर्गरसन प्रोंत दुसरा.

१३ जून

वारा! लाटा गुडघ्यापर्यंत. आजचा प्रो अर्धा वेळ कडेवर वाकून ओकत होता. मग काय, मासे मीच धरले. पाचपैकी चार माझे. आता हौशींत पहिली! दुसऱ्या कुणाची नाही, लिनेआ पेल्कीची पाटी पहिली!

आणि प्रोंत पहिला – टॉर्गरसन.

संध्याकाळी कॉर्लिसने जोड्या वाचल्या. "बोट एक. आर्लन टॉर्गरसन, लिनेआ पेल्की." टाळ्या. मग तिने चष्म्यावरून सगळीकडे बघितलं. "कुणी नातेवाईक एकत्र आलेत का? असतील तर आत्ता हात वर करा."

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. नातं त्याने तोडलं, मग नातं आहे हे त्यानेच सांगावं! मी का म्हणून? समोर त्याची पाठ दिसत होती. टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. हात मात्र खालीच. कॉर्लिस पुढच्या बोटीकडे वळली.

डुएन फोनवर ओरडला, "तू! तू नियम मोडतेस? वॉर्डनला फोन करणारी तू?"

म्हटलं, मोडत नाही. त्याला मुलगी नाही, असं तो स्वतःच म्हणालाय. चार साक्षीदार आहेत. मग नातेवाईक कुठून आले?

डुएन म्हणाला, "हे तुला तरी पटतंय का?"

फोन ठेवून दिला.

१४ जून

मुद्दाम केळं नेलं. बोट सुटल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत सोललं आणि सावकाश खाल्लं. काय करतोस ते बघू! तो बघत राहिला. मग म्हणाला, "साल इकडे दे बाई, पाण्यात नको." घेतली आणि स्वतःच्या डब्यात ठेवली.

मी "मिस्टर टॉर्गरसन," तो "बाई." दुपारपर्यंत एवढंच. मात्र बोट अशी धरली होती त्याने की माझा दोरा कायम उताराच्या बरोबर कडेवर. मागच्या माणसासाठी असं कुणी करत नाही. स्वतःची काठी त्याने किती वेळ खाली ठेवली होती कोण जाणे.

मग लागला! काठी वाकून पाण्याला टेकली. आणि तो किंचाळला, "वर, लिनी! काठी वर!"

लिनी. सतरा वर्षांनी.

दोघंही क्षणभर मासाच विसरलो. मग त्याने जाळी उचलली. मी ओरडले, "डोकं आधी!" त्यानेच शिकवलेलं, दुसरं काय सुचणार? डोकं आधी, मग शेपूट, आला आत! नऊ पौंडांच्या वर! असा वॉलाय माझ्या काठीला जन्मात लागला नव्हता. पाण्याच्या टाकीत त्याचे ते काचेसारखे डोळे, आणि वर आम्ही दोघं वाकून.

वजनाला अख्खं गाव. आमची बोट पहिली! प्रोंत तो, हौशींत मी! कॉर्लिसने त्याच्या हातात माईक दिला. त्याने टोपी काढली.

"हे वजन काढून टाका," म्हणाला. "ही माझी मुलगी आहे."

कॉर्लिस म्हणाली, "काल हात का वर केला नाहीत?"

"काल धीर झाला नाही," म्हणाला. "तिचं वजन राहू द्या. हात मी वर करायचा होता."

"हात दोघांनाही आहेत," कॉर्लिस म्हणाली. दोघांचंही शून्य. आणि तिचं बरोबर होतं, हेच तर जास्त झोंबलं!

गाड्यांच्या तळावर गाठलंच मी त्याला. तोंडाला येईल ते बोलले. "सतरा वर्षं दातखीळ बसली होती, ती सुटली नेमकी आज? नऊ पौंडांचा मासा! माझा! उद्या सांगायचं होतंस! पत्राने कळवायचं होतंस!"

ऐकून घेतलं त्याने सगळं. मग म्हणाला, "नियम मोडून धरलेला मासा आपला नसतो. कुणीतरी माझ्या तोंडावर सांगितलं होतं. कळायला वेळ लागला."

मी ट्रकचं दार धाडकन लावून घेतलं. माफ केलेलं नाही! अजिबात नाही! रडले ती रागाने.

डुएनने फोनवर विचारलं, "काय धरलंस?"

म्हटलं, "काही नाही. शून्य."

१५ जून

सगळ्यांच्या बोटी गेल्या, कालची आमची तेवढी धक्क्याला होती. किल्ली माझ्यापुढे धरली. मी सुकाणूवर बसले. बाबा मागच्या खुर्चीवर.

केळी दोन होती. त्यांनीच आणलेली.