कोऱ्या लेटरहेडवरच्या सह्या

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहायला कारण घडलंय. सकाळी छापखान्यातून माझी लेटरहेडं आली. वर आपला प्रभाग, खाली इंदिरानगरचा पत्ता आणि 'नगरसेविका' या शब्दाच्या वर चक्क माझं नाव. हो आई, तुमची सून निवडून आली!

अण्णांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, एक कागद उजेडात धरून बघितला, आणि माझ्यासमोर पेन ठेवून म्हणाले, "पन्नासेक सह्या करून ठेव. तू सभेला गेलीस की लोक दारात ताटकळतात. मजकूर मी भरत जाईन."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सासऱ्यांनी सुनेला मदत करावी, तसंच ते. मी पेन उचललं, टोपण काढलं, आणि हात पुढे जाईना. गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून आत आले. गॅसवर काही नव्हतं. तुमच्या टेबलाशी येऊन बसले.

तुम्हाला आठवतं का, तुमच्या वेळी निवडणुकीला उभं राहायचं होतं ते खरं अण्णांना. कंपनीतून निवृत्त होऊन त्यांनी दोन वर्षं तयारी केली होती. मग प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि रातोरात फलकावर त्यांच्या जागी तुमचा फोटो आला. पहिल्या बैठकीत सगळे अण्णांशीच बोलत होते आणि तुम्ही चहाचे कप मोजत होतात. ताई सह्या करतील आणि कारभार अण्णा बघतील, असंच सगळे धरून चालले होते. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू? निवडून आल्यावर महिनाभर तुम्ही गप्प बसलात. मग एक दिवस चपला घालून एकट्याच विभागीय कार्यालयात गेलात आणि प्रभागातल्या पावसाळी गटारांचा नकाशा मागितलात.

इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी तुम्ही. पावसाचं कौतुक तुम्हाला कधी नव्हतंच. पाणी आलं की कुठून जाणार, एवढंच तुम्ही बघायचात. आम्ही खिडकीत उभं राहायचो आणि तुम्ही छत्री घेऊन चेंबरच्या झाकणाशी! अण्णा म्हणायचे, आमच्या घरातली नगरसेविका गटारात सापडते. तुम्ही हसायचात आणि पाय धुवायला मोरीत जायचात.

लोकांना वाटतं नगरसेविका म्हणजे फिती कापणं आणि हार घेणं. सकाळी सहाला पहिला फोन यायचा, पाण्याला जोर नाही म्हणून. मग पथदीप, मेलेलं कुत्रं, वाकलेली फांदी, कुणाचं तरी शाळाप्रवेशाचं अडलेलं. हळदीकुंकवाला गेलात तर बायका वाण हातात घेता घेता ड्रेनेजचं विचारायच्या. तुमचा रविवार कधी असायचा, मला आठवतच नाही. सई पहिलीत असताना बाईंनी तिला विचारलं, आजी काय करते? तर म्हणाली, आजी फोनवर हो हो करते आणि मग चप्पल घालते. आठवडाभर आपण ते एकमेकांना सांगत होतो.

चप्पल घालते, हे मात्र पोरीने अगदी बरोबर टिपलं होतं. जागा बघितल्याशिवाय पत्र द्यायचं नाही, हा तुमचा नियम. कितीही मोठा माणूस येवो, तुम्ही म्हणायचात, चला, आधी बघून येऊ. आणि पत्र लिहायला मला बसवायचात, कारण माझं अक्षर चांगलं आणि कार्यालयीन मराठी मला पाठ. येवल्याहून लग्न होऊन आलेली बी.कॉम. सून अशी कामाला आली!

मग आई, त्या सह्या तुम्ही का केल्यात? हा प्रश्न तुम्ही असताना विचारायचं मला धाडस झालं नाही, आज विचारते. महासभेचा दिवस असला की दाखला मागणारे लोक परत जायचे. कुणाला गॅसजोडणीसाठी रहिवासी दाखला हवा असायचा, कुणाला बँकेसाठी. म्हणून तुम्ही वीस-पंचवीस कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून माझ्याकडे ठेवायला लागलात. बहुतेक नगरसेवकांच्या घरी हेच चालतं, हे मला माहीत आहे. पण तुम्ही बहुतेकांतल्या नव्हतात. माझ्यावर एवढा विश्वास कशाला टाकलात?

त्या दुपारी तुम्ही महासभेला होतात. मागच्या सोसायटीचे अध्यक्ष आले, कोपऱ्यावरच्या गुलमोहराखाली भाजीवाल्या बसतात, गाडी वळवता येत नाही, म्हणून. ते तिसऱ्यांदा आले होते. सईला ताप होता, कुकर लावलेला होता, आणि ते काही उठेनात. मी खणातून सही केलेला एक कागद काढला आणि सरळ लिहून दिलं. सदर कोपऱ्यावर विक्रेते बसत असल्याने वाहतुकीस अडथळा होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती. पाच मिनिटांचं काम. अशी पत्रं फायलीत पडून राहतात, असं मला वाटलं होतं. घरातून माणूस उठावा एवढाच माझा हेतू होता.

ते पत्र मात्र पडून राहिलं नाही. आठवड्याभरात अतिक्रमणाची गाडी आली आणि कोपरा रिकामा झाला. यमुनाबाईंच्या दोन्ही पाट्या गेल्या आणि तराजूही गेला. पेठकडच्या पाड्यावरून पहाटेच्या एसटीने यायच्या त्या, आणि तुम्ही त्यांच्याकडून रानभाज्या घेऊन त्या कशा करायच्या ते विचारून यायचात. दोष गाडीवाल्यांचा नव्हता. त्यांच्या हातात नगरसेविकेचं पत्र होतं.

आणि तुम्ही त्या वेळी काय करत होतात? नेमका तोच कोपरा फेरीवाला क्षेत्राच्या यादीत घ्यावा, म्हणून चार महिने पाठपुरावा करत होतात! हे मला माहीत होतं, आई. कोपऱ्याचं मोजमाप मीच तुमच्या वहीत उतरवलं होतं. पण लिहिताना माझ्या डोळ्यासमोर कोपरा नव्हताच, फक्त कुकर होता.

प्रभाग समितीच्या बैठकीला मी तुमच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. तुमचा विषय आला, तुम्ही उभ्या राहिलात, आणि एका सदस्याने ते पत्र वाचून दाखवलं. ताई, आधी उठवा म्हणता, आता बसवा म्हणता, नक्की काय करायचं? दोन-चार जण हसले. तुम्ही पत्र हातात घेतलंत. माझं अक्षर तुम्हाला पहिल्या ओळीलाच कळलं असणार. मी मागे घाम पुसत होते. आता तुम्ही वळून बघाल, असं मला वाटलं. तुम्ही वळला नाहीत.

"सही माझी आहे," एवढंच म्हणालात, आणि बसलात.

कोपरा यादीत आलाच नाही. घरी येताना रिक्षात तुम्ही मला एकच विचारलंत, बघून आली होतीस का? मी नाही म्हटलं. घरी आल्यावर खणातले उरलेले सही केलेले सगळे कागद काढून प्रत्येकावर दोन तिरप्या रेघा मारल्यात आणि गठ्ठा सईला चित्रं काढायला दिलात. मला रागावला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर एकाही कोऱ्या कागदावर तुम्ही सही केली नाहीत, आणि लोक परत जायचे ते गेले.

यमुनाबाईंना शोधायला तीन सकाळी आपण बसस्टँडवर गेलो. चौथ्या दिवशी त्या आपल्याच गल्लीत सापडल्या, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार विकत. तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, चुकलं माझं. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, तुमची सही व्हती म्हनं त्याच्यावर. मला वाचता येत नाय, पन तुम्ही असं करनार नाय, असं मी समद्यांला सांगत व्हते."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. क्षणभरच. मी वाकून पाटीतल्या भाजीच्या जुड्या चाळत राहिले. आई, मला त्या भाजीचं नावही आठवत नाही, पण तुमचं ते बघणं आठवतं.

मग तुमची मुदत संपली आणि निवडणुका लांबतच गेल्या. नगरसेवक कुणीच उरलं नाही, पण आपल्या दारातली माणसं काही कमी झाली नाहीत. पद नाही, लेटरहेड नाही, तरी तुम्ही साध्या कागदावर अर्ज लिहून लोकांबरोबर विभागीय कार्यालयात जायचात आणि रांगेतल्या बाकावर बसायचात. कधी कधी त्या बाकावर डबा खायचात. मी म्हणायचे, आता कशाला जाता? तुम्ही म्हणायचात, त्यांना कुठे ठाऊक आहे माझी मुदत संपली ते. आणि एका सकाळी, चप्पल घालता घालताच, दारात बसलात त्या बसलातच.

दशक्रियेला गोदाघाटावर किती माणसं होती! आपल्याकडे घाटावर भाषणं होतातच, तशी झाली. सगळ्यांनी तुमच्या गटारांच्या नकाशाची आठवण काढली. आणि मग बैठकीत पत्र वाचून दाखवणाऱ्या त्याच सदस्याने माईक घेतला. म्हणाले, भाजीवाल्यांच्या प्रकरणात ताईंकडून एकदा चूक झाली, पण माणूस सरळ. त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. मी दहा पावलांवर उभी होते. माईक मागितला असता तर मिळाला असता. मी पदर तोंडाला लावला आणि लोकांना वाटलं सून रडतेय. रडतही होते. पण त्यात भीती किती होती, ते तुम्हाला सांगते आहे.

यंदा प्रभाग पुन्हा महिलांसाठी राखीव झाला. तुमचा फोटो हातात घेऊन मी मतं मागितली. एका दारात एक बाई म्हणाल्या, तुमच्या सासूबाई भल्या होत्या, तेवढं भाजीवाल्यांचं सोडून. मी हसले आणि पत्रक पुढे केलं. तुमच्या नावावर निवडून आले, आई, आणि माझी चूक तुमच्याच नावावर ठेवून आले.

म्हणून सकाळी सही होईना.

तुमच्या टेबलाशी बसून पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग बाहेर आले आणि अण्णांना सांगितलं, कोऱ्या कागदावर सह्या करणार नाही. ते म्हणाले, बरं. मग सांगितलं, भाजीवाल्यांचं ते पत्र मी लिहिलं होतं. अण्णा गठ्ठ्याला पुन्हा दोरी बांधत होते. हात न थांबवता म्हणाले, "माहीत आहे. त्या दिवशी ती म्हणाली होती, अश्विनी स्वतःहून बोलेल, तिला वेळ लागतो. तुला विचारायचं नाही, असं बजावलं होतं मला."

इतकी वर्षं तुम्ही दोघं वाट बघत होतात? आणि तुम्ही वाट बघता बघताच गेलात? आई, एकदा तरी विचारायचंत! नाही, तुमच्यावर कशाला ढकलू. तुम्ही त्या गल्लीत विचारलंच होतंत, डोळ्यांनी.

आता ऐका. माझ्या पहिल्या लेटरहेडवर मी आज पत्र लिहिलं. कोपरा पुन्हा बघून आले आधी. गुलमोहर आहे, खाली आता दुचाक्या लावतात. विभागीय अधिकाऱ्यांना लिहिलं की पूर्वीचं ते पत्र कैलासवासी नगरसेविकांनी लिहिलेलं नसून, त्यांच्या सहीच्या कोऱ्या कागदावर, जागा न बघता, मी लिहिलं होतं. तरी ते रद्द समजावं आणि कोपऱ्याचा यादीसाठी पुन्हा विचार व्हावा. त्याची प्रत प्रभाग समितीलाही देणार आहे. अण्णांनी वाचलं आणि म्हणाले, पहिल्याच पत्रात आपल्याच पायावर धोंडा मारून घेते आहेस. मग चष्मा पुसून म्हणाले, तारीख घालायची राहिली.

कोपरा मिळेलच असं वचन तुम्हाला देत नाही. ते माझ्या एकटीच्या हातात नाही आणि खोट्या वचनांची तुम्हाला चीड होती. एवढंच वचन देते, की ते पत्र कार्यालयात देण्याआधी यमुनाबाईंना वाचून दाखवीन. त्या अजून येतात गल्लीत, डोक्यावर पाटी घेऊन. उद्या त्यांची पाटी मी उतरवून घेईन, आणि या वेळी भाजीकडे बघणार नाही. आणि दाखल्याला आलेला माणूस माझ्यामुळे थांबला तर थांबेल, चहा देऊन थांबवीन, पण माझी सही माझ्याआधी कुठेही पोचणार नाही.

हे पत्र तुम्ही रेघा मारलेल्या कागदांच्या पाठीमागे लिहिलंय, आई. सईने सगळे संपवले नव्हते, खणात थोडे उरले होते. प्रत्येक पानाच्या मागून तुमची सही पुसटशी दिसते आहे. तिच्या शेजारीच माझी करते.

सगळं वाचून सही करणारी,
तुमची सून
अश्विनी