लेखकाचा परिचय

नाकाडोंगरी

भुपेंद्र,

तुझं नौदलाच्या इतिहासाचं पुस्तक पोचलं. माय म्हणाली, "शकू, मागचा त्याचा परिचय वाच." जन्म भंडारा जिल्ह्यातला, लहानपणापासून पाण्याची ओढ, नौदलात कॅप्टन, असं सारं वाचलं. आपला धाकटा हेमराज कुठंच नाही. तो बोडीत बुडाल्यावर तू पाण्याकडे पाहतही नव्हता, अन् ओढ कायची लिहितोस?

मग मी पदरचं घालून वाचलं, "धाकटा भाऊ बुडाला, म्हणून हे नौदलात गेले."

माय रडली नाही. म्हणाली, "लिहिलं त्यानं."

आता रोज मले तेवढंच वाचाले लावते. हे पत्र धाडत नाही, त्याच पानात ठेवते. तू आला की माय तुलेच तो परिचय वाचाले सांगन. माझ्यासारखंच वाचजो.

तुझी ताई,
शकू