खाडीच्या शिंपल्यांचं हाड

प्रिय ताई,

कार्यक्रमाहून आले ती सरळ मोरीत गेले. डोक्यावरून पाणी घेतलं, पुन्हा पुन्हा साबण लावला, तरी त्या गुलाबपाण्याचा वास जाईना. दारात उभं राहून शिंपडत होते गं, लग्नात शिंपडतात तसं! तुझ्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला! ओले केस तसेच पाठीवर टाकून लिहायला बसलेय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि ज्यांना सांगायला गेले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग राहिलीस तू.

तुला जाऊन वर्ष झालं म्हणून तुझ्या खारघरच्या कॉलेजने हा घाट घातला. तुझे सर स्वतः आमंत्रण द्यायला घरी आले, आईच्या पाया पडले. तू काविळीने हॉस्पिटलात पडली होतीस तेव्हा यांना वेळ नव्हता. एकदाच फोन केला, तोही लॅबच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस ते विचारायला. आणि तू तेवढ्या तापात त्यांना 'सॉरी सर' म्हणालीस! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

कॉलेजच्या गेटवर हा मोठा फ्लेक्स. 'पनवेलच्या खाडीतून घडणार माणसाचं हाड!' खाली 'कोळीवाड्याच्या लेकीला भावपूर्ण श्रद्धांजली'. लेकीचा फोटो केवढा, तर पोस्टाच्या तिकिटाएवढा. शेजारी हात जोडून, गॉगल लावून, कमरेपर्यंत किशोरशेठ! ज्याचे डंपर आपल्या घरामागे खाडीत माती आणून ओततात, तोच. खाडी बुजवणारा माणूस खाडीच्या शिंपल्यांचं कौतुक करायला प्रमुख पाहुणा.

तू आईला तुझं काम पहिल्यांदा समजावलंस तो दिवस आठवतो तुला? आई ओट्यावर विळी घेऊन तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसली होती. तू म्हणालीस, अपघातात हाडाचा तुकडाच उडाला तर मधली फट आपसूक भरत नाही. मग तिथे भोकाभोकांची एक चकती बसवायची. पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकच एक, पण अंगात हळूहळू विरघळून जाणारं. "तुरईच्या वेलाला मांडव घालतेस ना आई, तसं. हाडाच्या पेशी त्यावर चढतात, नवं हाड धरतं आणि मांडव आपला नाहीसा होतो." नुसत्या प्लास्टिकवर पेशी नीट बसत नाहीत, म्हणून त्यात हाडातलंच खनिज कालवायचं. आणि ते खनिज शिंपल्यांपासून करता येतं.

आईने हातातली तिसरी वर धरून बघितली. "ह्या? ह्या तर आमी उकिरड्यावर टाकतो गो!"

झालं! त्या दिवसापासून आईला नवा उद्योग लागला. ओहोटीला खाजणात उतरायची, गुडघाभर चिखलात हात घालून तिसऱ्या काढायची. शिंपले उकळायचे, नारळाच्या काथ्याने घासायचे, गच्चीवर वाळवायचे. बाजारात मावशीला सांगायची, "माझ्या शिंपल्यांची हाडं बनवतंय कॉलेज." मावशी हसायची. मीसुद्धा हसायचे. पार्लरमध्ये गिऱ्हाइकांना सांगायचे की माझी बहीण प्लास्टिकची हाडं करते आणि माझी आई तिला कच्चा माल पुरवते. किती मजेत होतो गं आपण!

मग ती कोंबडी आली.

तुझ्या लॅपटॉपवरचा तो हिरवा फोटो. तूच सांगितलं होतंस, जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. सगळी चकती हिरवीगार, आणि मधलं एक भोक अगदी कोंबडीच्या आकाराचं, चोच, तुरा, शेपूट सगळं! आपण पोट धरून हसलो होतो. मी म्हटलं, आईच्या शिंपल्यांनी अंडंपण घालायला लावलं वाटतं. तुझं हसू तिथेच थांबलं. म्हणालीस, ही चकती आईच्या शिंपल्यांची नाही. ही तुलना करायला विकतच्या शुद्ध खनिजाच्या भुकटीची केलेली. मग आईच्या शिंपल्यांच्या चकतीचा फोटो दाखवलास. लालच लाल. हिरवं शोधावं लागत होतं.

पुन्हा केलंस, पुन्हा लाल. शिंपले तपासायला पाठवलेस तर त्यात शिसं निघालं. आपल्या खाडीत काय काय सोडतात हे काय कुणाला ठाऊक नाही? पाण्याला रोज वेगळा रंग असतो. शिंपल्याने बिचाऱ्याने जे मिळालं ते अंगात घेतलं.

तू सरांना सांगितलंस. ते काय म्हणाले तेही तू मला सांगितलंस, आणि तेव्हापासून त्या माणसाचं नाव माझ्या तोंडात येत नाही. "हिरवा फोटो आहे ना आपल्याकडे? तो लावा. खाली काय लिहायचं ते आपल्याच हातात आहे." शी! एवढा शिकलेला माणूस! तू नाही म्हणालीस. भांडली नाहीस, ओरडली नाहीस, फक्त नाही म्हणालीस आणि घरी येऊन जेवली नाहीस. तेवढं एक 'नाही' तू तुझ्या आयुष्यात म्हटलंस ताई, आणि ते नेमकं खरं होतं.

पण आईला? आईला का नाही सांगितलंस?

मला माहितेय, आपल्या घरात आईने हातात दिलेली पिशवी परत करायची नसते. म्हावरं असो नाहीतर शिंपले, घ्यायचं आणि निघायचं. पण अगं, निकाल हातात आल्यावरही तू त्या पिशव्या नेत राहिलीस! लॅबमधल्या टेबलाखाली त्यांची रास लागली होती. आई विचारायची, "कशे हायत गो या टायमाचे?" आणि तू म्हणायचीस, "एक नंबर!" घरात तिसऱ्या शिजू नयेत म्हणून पोटदुखीचं सोंग काढलंस. तू खात नाहीस म्हटल्यावर आईने करणंच सोडलं. हे सगळं जमलं तुला, पण एक वाक्य जमलं नाही. मी सांगते म्हटलं तर मला शपथ घातलीस. मग कावीळ झाली, आणि तू निघूनच गेलीस. शपथ ठेवलीस माझ्या गळ्यात!

तर आज. हॉलमध्ये आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून. तुझ्या सरांनी पडद्यावर एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. खाडी. होडी. चिखलात उतरलेली कुणी बाई, आपली नव्हे, कुठून तरी उचललेली. आणि मग, ताई, पडद्यावर आपली कोंबडी आली! भिंतीएवढी, हिरवीगार. खाली लिहिलं होतं, 'खाडीच्या शिंपल्यांपासून बनवलेली चकती.' सर म्हणाले, हे संशोधन लवकरच छापून येतंय आणि त्यावर पहिलं नाव तुझं आहे. आवाज कापरा केला, चष्मा पुसला.

तेव्हा मला त्यांचा डाव कळला. उद्या कुणी विचारलंच तर म्हणायला मोकळे, काम तर तिनेच केलेलं, आता ती कुठेय? मेलेलं माणूस खोटं बोलायला किती सोयीचं, नाही?

तरी मी बसून होते. तुझी शपथ, आणि शेजारी आई पदराने डोळे पुसत बसलेली. तेवढ्यात मागून एक माणूस उठला. रोडपालीहून आलो म्हणाला. त्याच्या मुलाच्या पायात बाहेरून सळया घातल्यात, हाडाचा तुकडाच गेलाय. हात जोडून विचारलं त्याने, "सर, हे आमच्या पोराला कधी मिळेल?" आणि तुझे सर हसून म्हणाले, "लवकरच!"

मग मला नाही बसवलं गं. उठले, माईक घेतला. म्हटलं, हा फोटो शिंपल्यांचा नाही. शिंपल्यांवरच्या पेशी मेल्या होत्या. आपल्या खाडीच्या शिंपल्यांत शिसं आहे, हे माझ्या बहिणीने यांना सांगितलं होतं. हे खोटं लावायला ती नाही म्हणाली होती. दादा, तुम्ही याच्या भरवशावर राहू नका.

वाटलं, आता काहीतरी होईल. सरांचं तोंड पांढरं पडलं होतं, मी बघितलं.

आणि ती सूत्रसंचालन करणारी बया! हळूच आली, माझ्या हातातून माईक काढून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "बहिणीच्या भावना अनावर होणं साहजिक आहे. या बहिणीच्या प्रेमासाठी एकदा जोरदार टाळ्या!"

वाजवल्या गं त्यांनी! सगळ्यांनी! काही बायका रडत होत्या. किशोरशेठने पुढे येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात नंतर शालीला लावला, आणि ती शाल आईच्या अंगावर घातली. मी खोटं बोलले असते ना, तर कुणीतरी निदान भांडलं तरी असतं. खरं बोलले तर माझं कौतुक झालं! एवढी घाण मी आयुष्यात बघितली नव्हती. तो रोडपालीचा माणूससुद्धा टाळ्या वाजवत होता.

जेवण न घेता निघालो. रिक्षात आई एक शब्द बोलेना. मला वाटलं, संपलं, तिच्या लेकीच्या मोठेपणावर मी पाणी ओतलं, आता ही माझ्याशी बोलायची नाही. तेवढ्यात तिने अंगावरची शाल काढली आणि घडी करून माझ्या मांडीवर ठेवली.

"खरा सांग. माझ्या शिंपल्यांनी मेल्या का त्या?"

तुझी शपथ मोडली मी, ताई. हो म्हटलं.

मला वाटलं आई रडेल. छे! भडकली ती. तुझ्यावर भडकली!

"मग मना सांगाचं ना तिनं! मी उरणवरशी आणून दिल्या असत्या. तिकरं माझी भावजय हाय, दर्या साफ हाय. त्यात काय येवढं?"

त्यात काय एवढं! ऐकलंस? तू जे वाक्य पोटात दाबून ठेवलंस, जे मी गळ्यात बांधून फिरले, त्याचा आईने रिक्षात बसल्या बसल्या निकाल लावला. उरणचे शिंपले चालले असते की नाही, मला कळत नाही. पण तू करून तरी बघितलं असतंस! आपण दोघी मिळून एका बाईला जपत बसलो, जिला जपायची गरजच नव्हती. मला हसावं की रडावं कळेना. मग मी रडले. आईने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "रडते काय? त्या मास्तरचा करायचा काय, ता बोल."

म्हणून ताई, आता ऐक. सोमवारी आम्ही दोघी कॉलेजात जाणार आहोत. सरांकडे नाही, त्यांच्या वरच्यांकडे. ते संशोधन जिथे छापून येणार आहे, तिथेही कळवणार. तक्रारीच्या अर्जावर आईने सही करायचं ठरवलंय, माझ्या आधी. आणि त्या रोडपालीच्या माणसाला शोधून काढायचंय. तो सळयावाला मुलगा किती दिवस थांबणार याच्या भरवशावर? पुन्हा कुणी म्हणेल भावना अनावर झाल्या. म्हणू देत. या वेळी मी माईक सोडणार नाही, आणि आई तर मुळीच नाही.

त्या पेशी मेल्या होत्या. तूही मेलीस. दोन्ही गोष्टी आहेत तशाच सांगेन मी, तुला वचन देते. तुझ्या नावाखाली कुणाला काही हिरवं रंगवू देणार नाही.

तुझी तोंडाळ,
नयना