चंडदंष्ट्राने नदी परत दिली, त्याची कारणमीमांसा

होसगद्दे, तालुका शिरसी
माघ शुद्ध षष्ठी

वाग्विशारद, ज्येष्ठ अर्थधारी, हुब्बळ्ळीनिवासी परमेश्वर भावय्या यांच्या चरणी आपला मेहुणा शंभुलिंग हेगडे याचा नमस्कार. (साष्टांग घालण्याचा संकल्प होता, परंतु आठांपैकी पाचच अंगे सध्या आज्ञेत आहेत, तेव्हा तेवढ्यांवर भागवून घ्यावे. उर्वरित तिघांचा वृत्तांत यथावकाश येईल.) आपली साखर मर्यादेत असेल, वहिनींचे गुडघे कुरकुर करीत का होईना चालत असतील, अशी आशा बाळगतो. इकडे सुपारी सोलून झाली, मिरी अंगणात वाळत आहे, कपिलेला कालवड झाली. आपली भगिनी नागवेणी ठणठणीत आहे. निदान तिच्या आवाजावरून तरी तसेच अनुमान निघते.

पत्रास कारण गंभीर आहे. येत्या पौर्णिमेला ग्रामदेवतेच्या उत्सवात 'चंडदंष्ट्र-गर्वभंग' हा प्रसंग व्हावयाचा असून, बावीस वर्षे अखंड माझ्याकडे असलेला चंडदंष्ट्र माझ्या हातून जाण्याच्या मार्गावर आहे. उत्सव-समितीने शुक्रवारपर्यंत विचार करण्याची मुदत दिली आहे. (विचार मी करावयाचा की त्यांनी, याचा खुलासा नाही.) सुपारीची बाग भावाकडे गेली असती तर मी एक उसासा टाकून गप्प बसलो असतो. पण चंडदंष्ट्र गेला, तर या गावात माझ्याकडे माणसे कशासाठी पाहतील, हे मला खरोखर कळत नाही.

घडले ते असे. मागच्या महिन्यात शेट्टींच्या अंगणात रंगीत तालीम म्हणून हाच प्रसंग ठेवला होता. आपणास सांगावयास नकोच, की आमच्या ताळमद्दळेत मुकुट नाही, रंग नाही, नाच नाही; भागवताने पद गावे, मद्दळेवाल्याने थाप द्यावी आणि अर्थधाऱ्यांनी पांढऱ्या पंच्यात मांडी घालून, जे काय युद्ध करावयाचे ते जिभेने करावे. कथा ठरलेली असते, वाद मात्र आयत्या वेळी सुचेल तसा. चंडदंष्ट्राने देवीची नदी अडवलेली आहे. राजाचा दूत येऊन तहानलेल्या प्रजेसाठी निदान एक पाट मागतो. असुराने दोन तास अहंकाराने नकार द्यावयाचा, मग रण माजावयाचे. दूत होते आमचे वेंकट्रमण मास्तर. वय चौतीस, कंठ गोड, उपमांचा साठा अक्षय. पाऊण तासाने ते एका वासराच्या वर्णनावर आले. कोरड्या पात्रातली ओली वाळू ते वासरू चाटते आहे, एवढेच. मी गर्जना करण्यासाठी श्वास घेतला. तो आत गेला आणि बाहेर येताना हुंदका होऊन आला. आणि भावय्या, बावीस वर्षांची तपश्चर्या पाण्यात घालवून मी, साक्षात त्रैलोक्यकंटक चंडदंष्ट्र, उपरण्याला डोळे पुसत म्हणालो, "घेऊन जा. पाट कशाला, सगळीच नदी घेऊन जा."

मद्दळेवाल्याचा हात हवेत राहिला. भागवतांनी पोथीची पाने पुढे उलटली, मागे उलटली. पुढचे प्रत्येक पद युद्धाचे होते आणि युद्धाला कारण उरले नव्हते. समितीचे चिटणीस मंजय्य शेट्टी उठून माझ्याजवळ आले आणि कानात बोलल्याचा आव आणून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हेगडे, नदी तुमच्या वडलांची होती का हो, देऊन टाकायला? अजून दोन तास काढायचे होते!" मागून आचारी ओरडला, "मी युद्ध सुरू झालं की तांदूळ टाकतो. आता माणसांना काय वाढू, तह?" सर्वांत दुखावले ते मास्तर. "माझे सतरा मुद्दे शिल्लक होते," ते म्हणाले. "असं जिंकवून तुम्ही माझा अपमान केलात." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत, रस्त्यात भेटलो तर नमस्कार वासराच्या उंचीवर करतात, असा माझा समज आहे.

आता याची कारणमीमांसा. मी पंचावन्न वर्षांचा आहे. गेले वर्षभर माझ्या अंतरंगात काहीतरी उतरणीला लागले आहे, हे मला जाणवत होते. पोट पुढे आले, दंड मागे गेले. जेवल्यावर पापण्या मिटतात. पुतणीच्या लग्नात मी वधूच्या आईच्याही आधी रडलो, तेही सीमांतपूजनाला. वर्तमानपत्रात वाचले की पुरुषाच्या देहात एक संप्रेरक असते, पौरुष, स्नायू, उत्साह इत्यादी खाती त्याच्याकडे असतात आणि वयपरत्वे ते ओसरत जाते. मला तत्काळ उलगडा झाला: नदी मी दिली नाही, संप्रेरकाने दिली. (न्यायालयातही हा बचाव टिकावा.) तसाच शिरसीला गेलो आणि डॉक्टर शानभागांकडे रक्त दिले. आकडा आला. डॉक्टर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "वयाला शोभेसा आहे. थोडा खालच्या बाजूला, पण ठीक."

"मग नदी कोणी दिली?" मी विचारले.

"ते रक्तात दिसत नाही, हेगडे."

मला हे पटले नाही. आठ दिवसांनी पुन्हा जाऊन पुन्हा रक्त दिले. आकडा पुन्हा तोच, जणू आम्हा दोघांचा ठराव झाला होता. मी इंजेक्शनाची याचना केली. डॉक्टर म्हणाले, "राक्षसाच्या भूमिकेसाठी इंजेक्शन मी देत नाही. झोपता किती? चालता किती? गोड किती खाता?" (उसाच्या रसाचे तोडदेव कागदासारखे पातळ असल्याने ते आमच्याकडे गोडात मोजत नाहीत, हे मी नम्रपणे निवेदन केले.) मग त्यांनी समजावले, की पुरुषाचे हे उतरणे म्हणजे कुमट्याचा घाट, चाळिशीपासून वळणावळणाने, सावकाश, बाहेर बघत उतरावे. बायकांचे तसे नाही. त्या पन्नाशीच्या आसपास जोगच्या धबधब्यासारख्या एकदम खाली येतात. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे झिजू लागतात, राग नाकाशी येतो. "शेवटी दोघं समुद्रसपाटीलाच," डॉक्टर म्हणाले, "पण धबधब्याचा आवाज होतो." मी विचारले, "मग माझे वळण कितवे?" त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

येथे माझ्या बुद्धीस भ्रम पडला तो असा. राग नाकाशी येणे, आवाज चढणे, कुणाची पर्वा न करणे, ही जर संप्रेरके उतरल्याची लक्षणे असतील, तर तीच लक्षणे माझ्यात संप्रेरक पुरेसे नसल्यामुळे कशी नाहीशी झाली? एकाच उतरणीने घरातला राक्षस गाय होतो आणि गाय राक्षस, हे कोणत्या शास्त्रात बसते? कारण आपली भगिनी (तिला लहानपणी आपण 'मुकी मैना' म्हणत होता, असे ती अजून सांगते) अठ्ठावीस वर्षे माझ्या प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणत आली. गेल्या सात महिन्यांत तिने 'हूं' टाकून दिले आहे. पौषाच्या थंडीत ती खिडक्या उघडते, वर पंखा लावते; एकाच शय्यागृहात मी हेमंत ऋतू भोगतो आणि ती ग्रीष्म. रोज ताकातली ब्राह्मीची तंबुळी होते, कारण तिला थंड हवे. माझा घसा बसला आहे, याची नोंद कोणी घेत नाही. सत्यनारायणाला तिने भटजींना सांगितले, "मंत्र ऐकतोय आम्ही, पण जरा भराभर." मी जेवताना 'औदार्य व दौर्बल्य' यांतील सूक्ष्म भेद विशद करीत होतो, तर म्हणाली, "तुमचं संपलं की हाक मारा, मी तोवर विहिरीवर जाऊन येते."

माझा सिद्धान्त असा, की एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाल्ल्याने माझे संप्रेरक कालव्याच्या पाण्यासारखे उताराने तिच्याकडे वाहत गेले असावे. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पाणी मागवले आणि स्वतःच प्याले. "असं वाहत नसतं," ते म्हणाले, "भार उचला, ऊन अंगावर घ्या, आणि घरी जरा कमी बोला." पहिला उपदेश मी त्याच दिवशी अमलात आणला. स्नायू व अस्थी यांना भार लागतो म्हणून कोठारातले सुपारीचे पोते मस्तकी घेतले. पोते मस्तकापर्यंत पोचले नाही. कमरेशी येऊन तेथेच त्याने ठाण मांडले आणि मी त्याच्यासह भिंतीला टेकून, शिळेतून अर्धवट कोरलेल्या यक्षासारखा उभा राहिलो. (पत्रारंभी उल्लेखिलेली तीन अंगे ती हीच: कटी, डावा स्कंध व स्वाभिमान.) नागवेणी आली, "सरका" म्हणाली, पोते ओढून खाली ठेवले आणि तेल गरम करायला गेली. तेल लावून झाल्यावर क्षणभर कोठाराच्या खांबाला धरून उभी राहिली. मी म्हटले, "बघ, किती दुखतंय मला." ती म्हणाली, "बघतेय."

असो. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. आपला प्रकृतीने उतरता परंतु आदराने चढता,

शंभुलिंग

ता. क. — मुख्य गोष्ट लिहावयाची राहिली. आपल्या हस्ताक्षराला आमच्या समितीत अपार मान आहे. आपण मंजय्य शेट्टींना दोन ओळी लिहाव्यात, की जुन्या पिढीतील काही थोर अर्थधारीही या ठिकाणी नदी देत असत. म्हणजे माझी चूक ही चूक न राहता पाठभेद ठरेल. थोरांची नावे आपण सुचतील ती घालावीत. ती मंडळी आज तक्रार करण्यास उपलब्ध नाहीत. पत्र शुक्रवारच्या आत पोचावे, अन्यथा चंडदंष्ट्र गेलाच.

दुसरा ता. क. — (गुरुवार.) वरील दोन ओळी लिहू नयेत. पाकीट बंद करण्यासाठी गोंद शोधत असता मंजय्य शेट्टी आले. मी उपरणे सावरून पडवीत बसलो, तर ते मला ओलांडून परसात गेले. तेथे नागवेणी मिरी पाखडत होती. पुढील संवाद मी दाराआडून ऐकला. ऐकणे शोभेसे नव्हते, पण घर माझे आहे.

"अक्का, तुम्हाला चंडदंष्ट्र पाठ आहे म्हणतात."

"बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. न होऊन सांगतंय कुणाला?"

"मग पौर्णिमेला बसाल का? आता बायकाही बसतात ताळमद्दळेला. हेगड्यांना विचारून सांगा पाहिजे तर."

"नदी देताना त्यांनी मला विचारलं होतं का?"

भावय्या, चंडदंष्ट्र घरातच राहिला, हे समाधान म्हणावे की संकट, याचा निर्णय मला अद्याप होत नाही. मास्तरांना दूत म्हणून विचारले, तर "माझी मुलं लहान आहेत" म्हणून त्यांनी अंग काढून घेतले. समितीने ती भूमिका मला दिली आहे. मी म्हणे आता याचनेला योग्य झालो आहे.

तिसरा ता. क. — (शुक्रवार, दुपार.) पत्र अजून माझ्याकडेच आहे. आज जेवण झाल्यावर पडवीत तालीम केली. मी दूत झालो, कंठ शुद्ध केला आणि म्हणालो, "हे असुरेश्वरा, प्रजा तृषार्त आहे, तू हा जलौघ मुक्त कर." मला वाटले, माझेच जुने अहंकाराचे भाषण परत ऐकू येईल. ती राक्षसाच्या आवाजात, पण हळू म्हणाली:

"दूता, नदी मागायला आलास. सात महिने माझ्या अंगाची आग होतेय. मध्यरात्री उठून मी तोंडावर पाणी मारते, मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडते. पायरी उतरताना हाडात कुणी अडकित्ता चालवतंय असं होतं. उगाच रडू येतं, ते लपवायला मी ओरडते. या पाण्यात बसून असते म्हणून मी टिकलेय. तेवढंच तू मागतोस, आणि मी कशी आहे ते विचारत नाहीस."

हे पोथीत नाही. बावीस वर्षे ती नदी मी अडवून धरली, पण असुराने ती का अडवली असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आणि माझे रक्त मी दोनदा शिरसीला नेले, तिचे एकदाही नाही. दूताचे संस्कृत मी बाजूला ठेवले. साध्या बोलीत विचारले, "कशी आहेस गं?"

"आता विचारलंत?" ती म्हणाली. "बसा. वेळ लागेल."

वेळ लागला. मिरी कोणीच गोळा केली नाही.

तेव्हा भावय्या, एवढ्या लांब पत्रातली विनंती एकच धरावी आणि बाकी सर्व वाचले नाही असे समजावे. आपल्या हुब्बळ्ळीला बायकांच्या या तक्रारींवर इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत असे ऐकतो. त्यांच्याकडे पौर्णिमेनंतरच्या सोमवारी नागवेणीचे नाव नोंदवून ठेवावे. हाडांची तपासणीही त्याच दिवशी होत असेल तर उत्तम. मी सोबत पिशवी धरण्यासाठी येईन, बोलण्यासाठी नाही. नोंदणीच्या वेळी वय विचारतील. ते आपणच सांगावे. आपण तिचे सख्खे भाऊ आहात, आपल्याला क्षमा होईल.