संपतनं केलेली मशीन

घनसावंगी,
११ जानेवारी २०२५

प्रिय संपत,
आक्काचा जय भीम. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून हे पत्र. इकडं ऊस गेला कारखान्याला. सूनबाई शालूला सातवा महिना लागलाय. तुझं मोटार वायंडिंगचं दुकान बराबर चालू हाये ना? जेवण वेळेवर करत जा.

माझी जखम वाळत आली. पायाची दोन बोटं गेली, चप्पल बसत न्हाई, पण अंगणापर्यंत चालते.

तू व्हिडिओ बघून माझ्यासाठी ती मशीन केली होतीस. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, मनगटाला वल्लं कापड. "आक्का, बारीक करंटनं रक्त साफ होतं, शुगर उतरती," म्हणलास. दर रविवारी अंबडहून जीपनं यायचास, अर्धा तास माझा हात धरून बसायचास. "चटका बसून राह्यला का?" दहादा विचारायचास. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्यापाशी असं कुणी बसलं न्हवतं रे. मला खरंच बरं वाटायला लागलं.

जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, असल्या करंटनं शुगरला काहीच होत न्हाई. ती चूक तुझी. पण पुढची तुझी न्हाई.

"गोळ्या मात्र सोडू नको आक्का," हे तू दर खेपेला सांगायचास. मीच सोडल्या. भावाच्या हातच्या मशीननंच बरं व्हायचं, असा हट्ट धरला. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवत गेले. शुगर चढली अन् पायाची जखम चिघळली.

दवाखान्यात राजानंद तुझ्यावर वरडला, "मामा, तुम्हीच आईच्या गोळ्या बंद केल्या!" तू माझ्याकडं बघितलंस. पोराच्या भीतीनं मी भिंतीकडं तोंड केलं. पिशवी उचलून निघून गेलास.

काल मी राजानंदला सगळं सांगितलं. तो म्हणला, "आता मामाला कोणत्या तोंडानं भेटू?" म्हणलं, माझं पत्र घेऊन जा. तो दारात उभा असंल. त्याला आत घे, पाणी दे. तूच गोळ्या बंद करायला लावल्यास, असं मीच भीतीनं त्याला सांगितलं होतं, तेच त्यानं खरं धरलं.

माझ्यावर चिडायचं असंल तर इथं येऊन चिड. मी ऐकून घेईन, तोंड फिरवणार न्हाई.

तुझ्यावर खोटा आळ येऊ दिलेली, तुझी थोरली बहीण,
चांगुणा